अत्तराचे माप

मे महिन्यातील लग्न म्हणजे सोलापुरात धर्मगुरूचीही परीक्षाच असते. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे गेलेला, चर्चमधील पंखे गरम हवाच वरून खाली ढकलीत असलेले, आणि आत जरीच्या साड्या, कोट, मोगऱ्याचे गजरे व नाना तऱ्हांचे सुगंध यांची एकच दाटी. काही वर्षांपूर्वी अशाच एका लग्नाच्या मिस्सावेळी पहिले वाचन संपते न संपते तोच तिसऱ्या बाकावरील एक वृद्ध गृहस्थ उठले, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेले आणि मिस्सा संपेपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली उभे राहिले. नवरी त्यांची सख्खी नात होती. तिने वचन उच्चारले ते त्यांनी ध्वनिक्षेपकावरून ऐकले.

नंतर मी विचारले तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "वास वाईट नव्हता हो फादर. चांगलाच होता. पण त्याला छातीत जागा कुठं आहे?"

या गृहस्थांनी उभे आयुष्य कापडगिरणीच्या कार्डिंग खात्यात काढलेले. सोलापूरची जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि पुढे गिरण्यांच्या भोंग्यावर या शहराचा दिवस उगवू व मावळू लागला. त्या वैभवाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कापसाच्या धुळीने फुप्फुसांवर काय लिहून ठेवले, हे मात्र ज्याचे त्याला ठाऊक. साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून येणे ही त्या रोगाची खूण. गिरण्या बंद पडल्या तरी ज्यांना तो जडला त्यांचा दम काही सुटला नाही. त्यात तंबाखूची धूळ हुंगत घरोघरी विड्या वळणाऱ्या हजारो भगिनींची भर घाला, म्हणजे आपल्या शहरात श्वास जपून घेणारी माणसे किती असतील याची कल्पना येईल.

त्या दिवशी त्यांच्या मागच्याच बाकावर वरपक्षाकडील एक तरुण पाहुणे बसले होते. सुगंधाचा फवारा त्यांनी कपड्यांवर इतक्या सढळ हाताने मारला होता की ते आत आले त्याची वर्दी वेदीपर्यंत पोहोचली. माणूस मोठा सालस. पण त्यांना सांगणार कोण, आणि काय सांगणार? सदऱ्यावर डाग पडला आहे असे आपण परक्यालाही सांगतो. तुमचा सुगंध जास्त होतो आहे, हे सांगणे मात्र पाहुणचाराला चूड लावल्यासारखे वाटते. तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. सुगंधाचा शौक आपल्याकडे आजकालचा नव्हे. मग पूर्वीच्या माणसांनी त्याच्या अतिरेकाशी कसे जमवून घेतले असेल?

इतिहासाची पाने चाळू लागलो तो पहिला धागा आपल्या दाराशीच सापडला. बार्शीच्या पूर्वेस, धाराशिव जिल्ह्यात, गोरोबाकाकांचे तेर आहे. हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका अनाम ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत तगराचे नाव येते. तेथून साधे कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. त्याच भडोचला उज्जयिनीच्या मार्गाने हिमालयाकडची जटामांसी येई. म्हणजे आमच्या भागाचे कापड आणि जगातील एक अत्यंत महागडे सुगंधी द्रव्य एकाच बंदरात जहाजावर चढत होते. तगर हे एका सुगंधी वनस्पतीचेही नाव आहे; गावाच्या नावाशी तिचा संबंध जोडण्याचा मोह मात्र मी आवरतो.

ही जटामांसी रोमला पोहोचली म्हणजे काय होई, हे थोरल्या प्लिनीने नोंदवून ठेवले आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला हा रोमन ग्रंथकार मोठा चौकस. जटामांसीचे तुरे एका रोमन पौंडाला शंभर दिनार भावाने विकले जात, असे तो सांगतो. आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. भारत, चीन व अरबस्तान मिळून रोमचे दरसाल दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात, अशीही त्याची तक्रार आहे. परंतु मला त्याचे दुसरेच एक निरीक्षण मोलाचे वाटते. त्याच्या मते सर्व चैनींत सुगंधी तेलाची चैन सर्वांत फोल होय. मोत्ये व रत्ने वारसांना तरी मिळतात, वस्त्रे काही काळ टिकतात. सुगंध मात्र तासाभरात विरतो. शिवाय ज्याने तो लावला त्याला स्वतःला तो येतच नाही, पैसा याचा आणि वास शेजाऱ्याला!

प्लिनीने हे उपहासाने म्हटले असले, तरी त्यात शरीरशास्त्राचा एक पक्का नियम दडलेला आहे. नाकाला एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांतच त्याची जाणीव बोथट होते. वास ओळखणाऱ्या ग्राहींच्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या इंद्रियाचा गाभाच तेव्हा कोठे उलगडू लागला. पण नाक थकते हे प्रत्येक अत्तारी पिढ्यान् पिढ्या जाणतो. रोज तेच अत्तर लावणाऱ्याला ते हळूहळू फिके वाटू लागते. मग तो एक थेंब वाढवतो, पुढे आणखी एक. आमचे ते तरुण पाहुणे निष्काळजी नव्हते, उद्धट तर नव्हतेच. त्यांना स्वतःचा वास येत नव्हता, इतकेच. म्हणूनच माप ठरवण्याचे काम लावणाऱ्याच्या नाकावर सोपवून भागत नाही. ते दुसऱ्या कोणाकडे तरी असावे लागते. आपल्या प्रदेशाचा पुढचा इतिहास पाहिला की हे माप वेगवेगळ्या काळी कोणाकोणाच्या हाती होते ते दिसू लागते.

बाराव्या शतकात ते ऋतूच्या हाती होते, असे म्हणावयास हरकत नाही. सोलापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेले आजचे बसवकल्याण ही तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती. आपला मुलूखही त्यांच्याच छत्राखाली होता. या घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावे, काय ल्यावे, कसे खेळावे, कोणत्या हत्तीवर बसावे, सर्व काही त्यात आहे. उपभोगांच्या प्रकरणात अंगाला लावावयाच्या उट्या व धूप यांचे स्वतंत्र विवेचन येते. त्यात ऋतूप्रमाणे उटी बदलण्याचा कटाक्ष आहे. थंडीत कस्तुरी-केशरासारखी उष्ण द्रव्ये, उन्हाळ्यात चंदन-कापरासारखी शीतल. हीच समजूत अत्तर वापरणाऱ्या जुन्या घरांत आजही आढळते. हिना व शमामा थंडीत. वाळा, मोगरा व गुलाब उन्हाळ्यात. ही केवळ आवडनिवड नव्हे. चंदनाच्या उटीचा गंध मंद असतो आणि अंगाशीच राहतो. उष्ण, जड अत्तर मे महिन्याच्या उकाड्यात भराभर उडते आणि दहा हातांवरच्या माणसाला वेढते. सोमेश्वर महाराजांना आमच्या बाकांवरील गर्दीची कल्पना नसावी, तथापि त्यांचा नियम त्या गर्दीला नेमका लागू पडतो.

येथे एका मराठी ग्रंथाची आठवण करून दिल्यावाचून पुढे जाववत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी हस्तलिखिते धुंडाळता धुंडाळता गंगाधराचा 'गंधसार' आणि एका अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' हे सुगंधशास्त्राचे दोन संस्कृत ग्रंथ उजेडात आणले. यांपैकी 'गंधवादा'वर मराठी टीका आहे! दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून एकत्र छापले गेले. ओवी-अभंगांच्या भाषेत कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी सुगंधी द्रव्ये कशी निवडावी, कुटावी, मिसळावी हे समजावून देत होता, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? या विद्येचा सारा भर द्रव्यांच्या प्रमाणावर आहे. अमुक इतके भाग हे, तमुक इतके ते. सुगंध करणाराला माप चुकवण्याची मुभा नव्हती.

यानंतर आदिलशाही. सोलापूरच्या भुईकोटासाठी विजापूर व अहमदनगर वर्षानुवर्षे झुंजले. अखेर १५६४ च्या सुमारास अहमदनगरची राजकन्या चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम झाली, तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे गेला. निपुत्रिक अलीनंतर गादीवर आलेला पुतण्या दुसरा इब्राहीम चांदबीबीच्याच देखरेखीखाली वाढला आणि १५८० पासून १६२७ पर्यंत त्याने राज्य केले. संगीताचा वेडा असलेला हा सुलतान सुगंधाचाही तितकाच शौकीन होता. त्याच्या दरबारासाठी 'इत्र-ए-नवरसशाही' नावाचा एक फारसी ग्रंथ सिद्ध झाला. दालने कोणत्या फुलांनी व धुपांनी सुगंधित करावी, वस्त्रांना व शरीराला काय लावावे, याचे तपशील त्यात आहेत. दिवाणखान्याचा सुगंध वेगळा, शय्यागृहाचा वेगळा. म्हणजे येथे माप जागेने ठरते आहे. चारचौघांत बसावयाच्या ठिकाणी काय शोभेल आणि खासगीत काय, हा विवेक शौकातही पाळला जात होता.

त्याच काळात उत्तरेत एक घटना घडली आणि सुगंधाची ताकदच बदलली. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात १६१४ च्या सुमाराची एक हकीकत दिली आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम हिने गुलाबपाणी काढताना गरम पाण्यावर जमणारा तेलकट तवंग थोडा थोडा करून वेचला. त्याचा एक थेंब तळहाती चोळला तर सारी सभा दरवळते, असे बादशहा कौतुकाने सांगतो. ऊर्ध्वपातनाची विद्या त्यापूर्वीही अवगत होती. परंतु गुलाबाचे अस्सल अत्तर प्रतिष्ठित झाले ते या सुमारास. आता पाहा, उटी वाटीभर लागत होती. अत्तराचा एक थेंब सभेला पुरू लागला. ज्या वस्तूचा थेंब सभेला पुरतो ती वस्तू प्रत्येकाने मनाला येईल तितकी लावून येणे कसे परवडावे?

याचे उत्तर दख्खनच्या रीतिरिवाजाने दिले आणि माझ्या मते ते फार शहाणे उत्तर होते. त्या रीतीचे नाव अत्तर-गुलाब. जाता जाता सांगावयाचे म्हणजे येथे 'गुलाब' हा शब्द फुलासाठी नाही. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी, तेव्हा गुलाब म्हणजे गुलाबपाणीच. बैठक संपत आली की यजमान अत्तरदाणी मागवी. कापसाचा फाया किंवा चांदीची काडी बुडवून पाहुण्याच्या हाताच्या पाठीला अत्तराचे एक बोट लावी, गुलाबदाणीने शिंतोडे उडवी, पानाचा विडा देई. पेशव्यांच्या दरबारापासून गावच्या पाटलाच्या बैठकीपर्यंत ऐपतीच्या फरकाने ही रीत एकच होती. इंग्रज वकील दरबारात जाऊ लागले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की अत्तर-पान आले म्हणजे निरोप मिळाला; आता उठावे.

या साध्या रिवाजात तीन गोष्टी साधल्या होत्या. सभेत सर्वांच्या हाताला एकच अत्तर लागे, त्यामुळे दहा वासांची खिचडी होत नसे. ते शेवटी लागे. बंद दालनात तासन् तास त्याचा कोंडमारा होत नसे, माणसे सुगंध घेऊन मोकळ्या हवेत जात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते दुसऱ्याच्या हातून लागे. माप यजमानाच्या बोटात होते. पाहुण्याने स्वतः अत्तरदाणीत हात घालणे हे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे अडाणीपणाचे ठरले असते.

इंग्रजांनी ही रीत उचलली आणि आपल्या स्वभावानुसार तिचे नियमपुस्तक करून टाकले. व्हाइसरॉयच्या दरबारात संस्थानिकाला अत्तर-पान खुद्द व्हाइसरॉयने द्यावयाचे, त्याच्या सरदारांना परराष्ट्र खात्याच्या सचिवाने अगर त्याखालच्या अधिकाऱ्याने. कोणाला कोणाच्या हातून अत्तर मिळाले यावरून संस्थानाची प्रतिष्ठा मोजली जाऊ लागली. शेजारचे अक्कलकोट १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत संस्थानच होते. असल्या मानापानाची सवय आपल्या भागालाही होतीच. स्नेहाच्या एका बोटाची अशी पायरी-पायरीने वाटणी व्हावी याची मौज वाटते आणि थोडा खेदही.

दरबार गेले, रीत घराघरांत उरली. हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीच्या मनगटाला अत्तराचे बोट लागते, चैत्रगौरीला गुलाबपाण्याचा शिडकावा होतो. लग्नमंडपाच्या दाराशी गुलाबदाणी घेऊन उभी असलेली परकरी पोर आपल्या ख्रिस्ती घरांच्या जुन्या लग्नांतही दिसे. आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरी पाहिले तर वारकऱ्याच्या कपाळी बुक्का असतो. सुगंधी वनस्पतींची ही काळी पूड. ती चिमटीने घेतात आणि वारकरी ती एकमेकांच्या कपाळी लावतात. लाखोंच्या गर्दीत, आषाढाच्या दमट हवेत, प्रत्येकाने आपापला सुगंध फवारला असता तर चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहवले नसते. तेथे चिमूटभर बुक्का पुरतो, आणि तोही शेजाऱ्याच्या बोटांनी.

आता आपल्या परंपरेकडे वळू, कारण ज्या वास्तूत ते वृद्ध गृहस्थ बसू शकले नाहीत ती आपली आहे. निर्गम ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची सिद्धता दिली आहे. गंधरस पाचशे शेकेल, दालचिनी अडीचशे, सुगंधी वेखंड अडीचशे, तज पाचशे आणि जैतुनाचे तेल एक हिन. 'गंधवादा'चा मराठी टीकाकार हा अध्याय वाचून निश्चित खूश झाला असता! पुढे मात्र कडक आज्ञा येते. हे तेल सामान्य माणसाच्या अंगावर ओतू नये. आणि स्वतः हुंगण्यासाठी हा धूप जो बनवील त्याला समाजातून बहिष्कृत करावे. मंदिराचा सुगंध कोणी आपल्या अंगावर मिरवावयाचा नव्हता.

आद्य ख्रिस्ती लोक तर धुपापासून दूरच राहिले. सम्राटाच्या मूर्तीपुढे धुपाची चिमूट टाकणे ही श्रद्धात्यागाची खूण होती, मग त्याच धुपाने प्रार्थना कशी करावी? आम्ही धूप विकत घेत नाही, पण आमच्या मृतांच्या दफनासाठी मात्र अरबस्तानचा माल भरपूर खपतो, असे तर्तुलियनने विरोधकांना ठणकावले होते. छळ संपल्यावर चित्र पालटले. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमची यात्रा करणाऱ्या एगेरिया नावाच्या स्त्रीने पुनरुत्थानाच्या मंदिरात रविवारी पहाटे आणलेल्या धूपपात्रांनी सारे मंदिर दरवळल्याचे वर्णन केले आहे.

अंगाला लावावयाच्या सुगंधाविषयी सर्वांत व्यवहारी सल्ला दिला तो अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस. अलेक्झांड्रिया म्हणजे भारताहून जाणाऱ्या सुगंधी मालाची मोठी पेठ, तेव्हा त्याला हा प्रश्न रोज नाकासमोर दिसत असणार. पुरुषांच्या सुगंधी थाटावर त्याने कठोर टीका केली. स्त्रियांना थोडी सूट दिली, पण अट घातली की पतीला जड होणार नाही असेच मोजके सुगंध त्यांनी निवडावेत. पुरुषांना एक न्याय व स्त्रियांना दुसरा हे आज आपल्याला पटणार नाही. तरीदेखील लावणाऱ्याच्या हौसेपेक्षा शेजारच्याच्या नाकाचा विचार त्याने आधी केला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

येथे कोणी बेथानीच्या मरियेचे उदाहरण पुढे करील. योहानाच्या शुभवर्तमानानुसार तिने शेरभर शुद्ध जटामांसीचे तेल प्रभूच्या चरणांना लावले आणि सगळे घर सुगंधाने भरून गेले. हा अतिरेकच नव्हे काय? यहूदाने तीनशे दिनारांचा हिशेब मांडला, तो प्लिनीच्या भावांशी ताडून पाहता वाजवीपेक्षा फारसा फुगवलेलाही वाटत नाही. आपल्या मराठी भाषांतरकारांनी येथे 'जटामांसी' हा नेमका देशी शब्द योजला याचे मला नेहमी समाधान वाटते. भडोचहून निघालेली वस्तू त्यामुळे आपल्या भाषेत परत आली. परंतु तिने ते तेल स्वतःला लावले नव्हते. ते दुसऱ्याला लावले, आणि प्रभूने स्वतःच त्याचा संबंध आपल्या दफनाशी जोडला. ती जपून ठेवलेली, एकदाच रिकामी होणारी कुपी होती. रविवारच्या मिस्सापूर्वी आरशासमोर दाबलेल्या फवाऱ्याला बेथानीचा दाखला देता येईल, असे मला वाटत नाही.

आणि धूप? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या मिस्साविधीत धूप ऐच्छिक आहे. जेव्हा वापरावयाचा तेव्हा झोक्यांची संख्याही ठरलेली आहे: परमपवित्र साक्रामेंताला तीन झोके, संतांच्या प्रतिमांना दोन. हे मी स्वतःलाही बजावतो, कारण सणासुदीला धूपपात्रात दोन चमचे जास्त घालण्याचा उत्साह कित्येकदा माझ्याच सहायक मुलांना आणि खरे सांगावयाचे तर मलाही येतो. पहिल्या रांगेत खोकला सुरू झाला म्हणजे तो उत्साह ओसरतो.

हे माप सुटले कधी? गेल्या दीडशे वर्षांत. १८६८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम पर्किनने प्रयोगशाळेत कूमारिन बनवले, १८७४ मध्ये जर्मनीत व्हॅनिलिन तयार झाले. फुलांच्या पाकळ्या न खुडता सुगंध कारखान्यात निघू लागला, स्वस्त झाला आणि सर्वांच्या आवाक्यात आला. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. अत्तर ही सरदारांचीच मिरास का असावी? गिरणीत बारा तास घाम गाळलेल्या माणसाला संध्याकाळी सुगंधाची हौस वाटली तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला? पण त्याबरोबर साधनही बदलले. चंदनाच्या तेलात मुरवलेले अत्तर हळू उडते. मद्यार्कातला सुगंध अंगावर पडताच हवेत पसरतो. १९२० च्या दशकात नॉर्वेच्या एरिक रोथाइमने दाबाखाली फवारणाऱ्या डब्याची युक्ती काढली, तिचेच वंशज आज प्रत्येक कपाटात आहेत. फाया गेला, काडी गेली, यजमानाचे बोट गेले. माप आले थेट लावणाऱ्याच्या नाकाकडे, आणि ते नाक तर काही मिनिटांतच थकणारे.

पाश्चात्त्य देशांत यावर कायद्याचा मार्ग काढण्यात आला. कॅनडातील हॅलिफॅक्स शहरात गेल्या शतकाच्या अखेरीपासून रुग्णालये, शाळा व कचेऱ्यांतून सुगंध न लावता येण्याचे धोरण रुजले. अमेरिकेत डेट्रॉइट शहराच्या एका कर्मचारी महिलेला सहकाऱ्याच्या सुगंधाने काम करणे अशक्य झाले. तिने शहराच्या प्रशासनावर दावा लावला आणि २०१० मध्ये एक लाख डॉलरवर तडजोड झाली. कर्मचाऱ्यांनी सुगंधी प्रसाधने टाळावीत, अशा सूचना कार्यालयांत लागल्या. ज्याचा श्वास अडतो त्याला कायद्याचा आधार असावा, यात वाद नाही. पण चर्चच्या दारावर 'सुगंध लावून येऊ नये' अशी पाटी ठोकण्याचा विचार माझ्या मनात आला आणि तसाच गेला. गजरा माळून आलेल्या आजीबाईंनी ती पाटी वाचून मागे फिरावे, हे मला सोसले नसते.

आम्ही दुसरे काही केले. ते तरुण पाहुणे त्या घरी काही दिवस मुक्कामाला होते. नवरीच्या मावशीने, म्हणजे नात्याने ज्यांना थट्टेचा अधिकार होता अशा बाईंनी, एके दिवशी त्यांना चहा देताना सांगितले, "जावईबापू, तुमच्या अत्तराचा वास फार झ्याक आहे. पण आमच्या बाबांना त्यापायी दारात उभं राहावं लागलं. उद्या प्रार्थनेला एकच बोट लावा, आणि ते मी लावून देते." ते चकित झाले. आपला वास इतका लांब जातो हे त्यांना खरोखरच माहीत नव्हते. ते आजोबांपाशी गेले आणि बराच वेळ गिरणीच्या गोष्टी ऐकत बसले, असे मला नंतर कळले.

पुढच्या वर्षी त्याच घरी धाकट्या नातवाचा साखरपुडा झाला, तोही ऐन मे महिन्यात. आमंत्रण तोंडीच होते. त्यात मावशींनी प्रत्येकाला आवर्जून सांगितले होते की अत्तर आम्ही देणार आहोत, घरून कोणी लावून येऊ नये. प्रार्थना आटोपल्यावर माळ्यावरून काढून, चिंचेने घासून लख्ख केलेली एक जुनी अत्तरदाणी फिरू लागली. आजोबा खिडकीशेजारच्या खुर्चीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून होते. त्यांना वगळावे म्हणून मावशी पुढे सरकल्या, तर त्यांनी हाक मारून त्यांना थांबवले, हात पुढे केला आणि विचारले, "हिना आहे का वाळा? हिना असंल तर नको. वाळा असंल तर लाव थोडा."

वाळाच होता.